लाईनवरचे सुटे सेकंद

कारखान्यात माझं काम म्हणजे दुसऱ्याचं काम मोजणं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात दुचाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग नावाच्या खात्यात माझी सगळी नोकरी झाली. खात्याचं नाव भारदस्त. शॉपवर मात्र आम्हाला सरळ 'घड्याळवाले' म्हणत. हातात पॅड, पॅडच्या कोपऱ्यात अडकवलेलं स्टॉपवॉच, आणि समोर कुणीतरी हँडलला क्लचची केबल बसवतोय. त्याने केबल उचलली की एक नोंद, खोबणीत घातली की दुसरी, नट आवळला की तिसरी. घड्याळवाला दिसला की लाईनवरची चेष्टामस्करी थांबायची आणि सगळ्यांचे हात जरा जड व्हायचे. त्यात नवल काहीच नाही. आज आपण जितक्या वेळात काम करू तितकाच वेळ उद्यापासून मिळणार, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक असायचं.

निवृत्तीनंतर या धंद्याचं मूळगाव शोधत वाचत सुटलो. ते निघालं अमेरिकेत, डेट्रॉईट शहराच्या पोटात वसलेल्या हायलँड पार्कमध्ये.

हेन्री फोर्डने १९०८ साली 'मॉडेल टी' ही मोटार ८५० डॉलरला बाजारात आणली. मागणी इतकी वाढली की १९१० साली हायलँड पार्कला नवा कारखाना उभारावा लागला. तोवर मोटार एका जागी उभी राहायची आणि माणसं तिच्याभोवती फिरायची. सांगाडा घोडीवर ठेवलेला. फिटर सुटे भाग आणत, जुळवत, बसत नसले तर कानशीने घासून बसवत. अशा फिटरला अख्खी गाडी कळायची. फोर्डच्या मशीनशॉपमध्ये भाग इतके बिनचूक निघू लागले की कानशीची गरज सरत गेली, आणि कानशीबरोबर ती चालवणाऱ्याचीही.

१ एप्रिल १९१३ या दिवशी तिथे मॅग्नेटोच्या जुळणीवर पहिला मोठा प्रयोग झाला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग. एक कामगार तो पुरा जुळवायला वीसेक मिनिटं घ्यायचा. त्या कामाचे २९ तुकडे केले, माणसं ओळीने उभी केली, आणि प्रत्येकाने आपला तुकडा करून नग शेजाऱ्याकडे सरकवायचा असं ठरलं. वेळ आला १३ मिनिटं १० सेकंदांवर. मग लक्षात आलं की माणसांना वाकावं लागतंय. लाईन आठ इंच उंच केली तर वेळ सात मिनिटांवर उतरला. पुढे साखळी लावून वेग बांधून दिला आणि काम पाच मिनिटांत होऊ लागलं. त्या आठ इंचांचं मला अजूनही कौतुक वाटतं. मोजमाप करणारा माणूस कामगाराचा शत्रूच असतो असं नाही. आठ इंचांनी किती पाठी वाचल्या असतील. पण पाठीचं दुखणं कमी करण्यासाठी कुणी ते केलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

चालत्या लाईनची कल्पना फोर्डच्या माणसांना शिकागोच्या कत्तलखान्यांवरून सुचली असं सांगतात. तिथे डोक्यावरच्या रुळाला टांगलेलं जनावर पुढे सरकत जायचं आणि प्रत्येक कसाई आपला ठरलेला एकच वार करायचा. विल्यम क्लान हा फोर्डचा फोरमन ते पाहून आला होता. प्राण्याचे तुकडे असे होतात तर गाडीची जुळणी उलट दिशेने का होऊ नये, असा तो हिशेब. १९१३ च्या उन्हाळ्यात एक सांगाडा जुळवायला १२ तास २८ मिनिटं लागत. दोराने सांगाडा ओढत नेऊन पाहिलं, मग साखळी लावली, आणि १९१४ च्या एप्रिलअखेर तेच काम ९३ मिनिटांत होऊ लागलं.

हे आकडे सगळीकडे छापलेले असतात. मला थांबायला लावलं ते दुसऱ्याच एका आकड्याने. फोर्डने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मचरित्रात पिस्टन आणि रॉड जोडण्याच्या कामाची हकिगत दिली आहे. साधं काम, तीन मिनिटांचं. एका फोरमनने घड्याळ लावून पाहिलं तेव्हा त्याला आढळलं की नऊ तासांच्या दिवसातले चार तास कामगारांच्या चालण्यात जातात. भाग आणायला जा, तयार नग ठेवायला जा. त्याने काम तिघांत वाटलं, बाकावर घसरपट्टी बसवली, चालणं संपवलं. निम्म्या माणसांत कितीतरी जास्त नग निघू लागले.

माझ्या खात्याच्या भाषेत ते चार तास म्हणजे निव्वळ नासाडी. पण त्या चार तासांत काय काय होत असेल? पाय मोकळे होत असतील. वाटेत कुणाला तरी घरची ख्यालीखुशाली विचारली जात असेल. खिडकीबाहेर नजर जात असेल, चिमूटभर तंबाखूबरोबर गप्पा होत असतील. कामगार म्हणजे हात अधिक बाकीचा माणूस, असं धरलं तर तो बाकीचा माणूस त्या चार तासांत जगत होता. लाईनने अंगमेहनत खरोखर कमी केली. तिने उचललं ते हे सुटे क्षण, आणि पुढचं सगळं रामायण मला त्यातून निघालेलं दिसतं.

आमच्या शॉपवर हँडलच्या स्टेशनला साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या स्टेशनचा सायकल टाइम ४२ सेकंद. मामांचा हात इतका बसलेला की ३६ सेकंदांत काम उरकायचं. राहिलेल्या सहा सेकंदांत ते दोन्ही हात कमरेवर ठेवून मागे वाकायचे आणि पुढच्या स्टेशनवरच्या पोराकडे बघून भुवया उडवायचे. पोरगा हसायचा. मग पुढचं हँडल. पाळीभर हेच. माझ्या कागदावर या सहा सेकंदांपुढे 'आयडल' असा शेरा पडला, आणि महिन्याच्या बैठकीत असं ठरलं की शेजारच्या स्टेशनवरची एक क्लिप मामांकडे द्यावी. मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सायेब, तेवढं राहू द्या की. त्यात पाठ मोकळी होती." क्लिप त्यांच्याकडे गेली. या प्रकाराला आमच्यात 'लाईन बॅलन्सिंग' म्हणतात.

आम्ही अगदीच निर्दय नव्हतो. कामाचा वेळ ठरवताना वर सवलत धरायची पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्क स्टडीच्या पुस्तकात तक्ताच आहे: वैयक्तिक गरजांसाठी पुरुषाला पाच टक्के, बाईला सात, मूलभूत थकव्यासाठी चार टक्के. आठ तासांचे पाच टक्के म्हणजे २४ मिनिटं. पाणी, लघवी, घाम पुसणं, सगळं त्यात. कागदावर ही २४ मिनिटं दिवसभर विखुरलेली असतात. प्रत्यक्षात लाईन चालू असताना कुणी जागा सोडायची म्हणजे रिलिव्हर हवा, आणि रिलिव्हर नेहमी दुसऱ्याच टोकाला असतो. वायरिंग हार्नेसच्या शॉपमध्ये काम करणाऱ्या मुली पाळीच्या आधी पाणी पिणंच टाळतात, हे मला माझ्या पुतणीने सांगितलं. सात टक्क्यांच्या तक्त्यात ते दिसत नाही.

परत हायलँड पार्कला जाऊ. कामाचे तुकडे झाल्यावर शिकायचं काय उरलं? फोर्डने स्वतःच हिशेब दिला आहे: कारखान्यातली ४३ टक्के कामं शिकायला एक दिवसही पुष्कळ, ३६ टक्के कामांना एक ते आठ दिवस. त्याच पुस्तकात आणखी एक यादी आहे, ती वाचून मी पुस्तक मिटून बाहेर फेरी मारून आलो. कारखान्यात ७,८८२ प्रकारची कामं होती. त्यांतली ९४९ कामं धडधाकट, बळकट माणसाची. उरलेल्यांपैकी ६७० कामं दोन्ही पाय नसलेला माणूस करू शकेल, २,६३७ एक पाय असलेला, ७१५ एक हात असलेला, १० कामं आंधळा आणि २ कामं दोन्ही हात नसलेला. फोर्डने हे अभिमानाने सांगितलं आहे आणि अभिमानाला जागा आहे: त्याने अपंगांना, तुरुंगातून सुटलेल्यांना, काळ्या लोकांना खरोखर कामावर घेतलं, तेही त्या काळात जेव्हा इतर मालक त्यांना दारात उभं करत नव्हते. काळ्या कामगारांच्या वाट्याला पुढे भट्टीखान्याची कामं जास्त आली, तो भाग वेगळा. पण त्या यादीचा दुसरा अर्थही स्वच्छ आहे. कामाला अख्खा माणूस लागत नाही, त्याचा एखादा तुकडा पुरतो. मग बाकीच्या माणसाचं करायचं काय?

बाकीचा माणूस काम सोडून जाऊ लागला. १९१३ साली हायलँड पार्कच्या कामगारांची गळती ३७० टक्के होती. शंभराच्या वर टक्के कसे, असं कुणी विचारेल. सोपं आहे. सुमारे १४,००० माणसं कायम हजर राहावीत म्हणून वर्षभरात ५२,००० माणसं भरती करावी लागली. एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं येऊन गेली. डेट्रॉईटमध्ये तेव्हा दुसरे कारखाने होते, जिथे फिटरला अजून फिटर म्हणत. काहीजण न सांगता निघून जात. सोमवारी आले नाहीत म्हणजे गेले असं समजायचं.

५ जानेवारी १९१४ ला फोर्डने जाहीर केलं की दिवसाला पाच डॉलर देणार आणि दिवस नऊ तासांचा नसून आठ तासांचा असणार. त्याआधी रोज साधारण २ डॉलर ३४ सेंट पडत असे. जगभर बातमी झाली. दुसऱ्या आठवड्यात कडाक्याच्या थंडीत दारासमोर हजारोंची रेटारेटी झाली, आणि जमाव पांगवायला अग्निशामक नळ्यांचं पाणी त्यांच्या अंगावर सोडलं. उणे तापमानात भिजलेले ते लोक कामाच्या आशेने आले होते. पाच डॉलरची ही बाजू आपल्याकडच्या मॅनेजमेंटच्या वर्गांत कुणी शिकवत नाही.

पाच डॉलरही सरसकट नव्हते. साधारण निम्मा भाग पगार आणि निम्मा 'नफ्यातला वाटा'. वाटा मिळायला सहा महिने नोकरी हवी, वय २२ च्या वर हवं किंवा माणसावर कुटुंब अवलंबून हवं. सुरुवातीला बायकांना तो नव्हताच. १९१६ मध्ये मिळाला. आणि मुख्य अट अशी की माणूस नीट राहतो की नाही हे कंपनी बघणार. त्यासाठी 'समाजशास्त्रीय विभाग' नावाचं खातं काढलं. त्याचे तपासनीस मोटारीत बसून, सोबत दुभाष्या घेऊन कामगारांच्या घरी जात. लग्नाचा दाखला आहे का? बँकेचं पुस्तक दाखवा. दारू किती पिता? घर स्वच्छ आहे का, मुलं शाळेत जातात का, घरात पोटभाडेकरू किती?

पोटभाडेकरूंची अट मला फार बोचली. हायलँड पार्कमधले दहातले सात कामगार परदेशातून आलेले होते. पोलंड, रशिया, रुमानिया, इटली. नव्या देशात एका खोलीत पाच-सहाजण दाटीने राहायचे, एखादी बाई त्यांना जेवण घालायची, त्यातून तिचं घर चालायचं. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे कोकणातले आणि घाटावरचे कामगार आणि त्यांची खानावळवाली आठवावी, म्हणजे चित्र कळेल. कंपनीला त्यात अस्वच्छता आणि अनीती दिसली. शिवाय कंपनीने इंग्रजीची शाळा काढली आणि तिथे जाणं जवळपास सक्तीचं केलं. पाच डॉलरच्या घोषणेच्याच महिन्यात ग्रीक आणि रशियन अशा आठ-नऊशे कामगारांना काढून टाकलं, कारण त्यांनी आपल्या जुन्या पंचांगानुसार नाताळची सुट्टी घेतली होती. अमेरिकेत राहायचं तर अमेरिकन नाताळ पाळा.

याच जानेवारीत एका कामगाराच्या बायकोने फोर्डला निनावी पत्र लिहिलं. ते जपून ठेवलेलं आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: नवरा घरी येतो तो अंग टाकतो, जेवायलाही उठत नाही, इतका पिळून निघालेला असतो, तुमची ही साखळी म्हणजे गुलामांवरचा मुकादम आहे, यावर काही उपाय करता येणार नाही का? आणि पुढे हेही, की पाच डॉलर म्हणजे आमच्यावर मोठी कृपा आहे, पण ते त्यांना पुरेपूर कमवावे लागतात. एका बाईने दोन-चार ओळींत जे सांगितलं त्याहून जास्त मला या विषयावरच्या जाडजूड अहवालांत सापडलं नाही. तिला पैसे नको नव्हते. तिला संध्याकाळचा नवरा हवा होता.

कंपनीच्या दृष्टीने योजना फत्ते झाली. गळती १९१४ मध्ये ५४ टक्क्यांवर आली, १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर. पाच डॉलरचा रोज हा खर्च कमी करण्याचा आपण केलेला एक उत्तम उपाय होता, असं फोर्डने नंतर लिहिलं. त्याच्या प्रांजळपणाची दाद द्यायला हवी. आणि कामगारांचंही भलं झालं, हे नाकारणं खोटेपणाचं होईल. १९१४ साली मॉडेल टी ४९० डॉलरला मिळत होती, म्हणजे पुरा वाटा मिळवणाऱ्या कामगाराच्या जेमतेम चार महिन्यांच्या कमाईत. दशकभरात तिचं सर्वांत स्वस्त रूप २६० डॉलरवर आलं. शेतमजुराचा मुलगा स्वतःच्या घरात राहू लागला, मुलं हायस्कूलला गेली. सौदा उघड होता: कारखान्यातले आठ तास आमचे, त्याबदल्यात उरलेल्या सोळा तासांत तुम्ही चांगले राहा. फक्त त्या सोळा तासांवरही नजर कंपनीचीच.

घरी जाणारे तपासनीस १९२१ पर्यंत बंद झाले. नजर कारखान्यात परतली आणि जास्त करडी झाली. रूज नदीकाठच्या अवाढव्य कारखान्यात हॅरी बेनेट नावाच्या माणसाची 'सर्व्हिस' नावाची फौज फिरत असे. त्यात माजी मुष्टियोद्धे होते आणि गुंडही. कामावर बसायचं नाही, बोलायचं नाही, शीळ घालायची नाही. जेवणाची सुट्टी १५ मिनिटं. कामगारांनी त्यावर उपाय शोधला: ओठ न हलवता बोलायचं. त्याला 'फोर्डची कुजबुज' असं नावच पडलं होतं. चेहरा दगडी ठेवून शेजाऱ्याला दोन शब्द सांगायची ती कला वाचली तेव्हा मामांच्या भुवया आठवल्या. चॅप्लिनने १९२३ साली डेट्रॉईटमधला फोर्डचा कारखाना पाहिला होता. 'मॉडर्न टाइम्स' १९३६ चा. त्यातला नट आवळणारा चार्ली बघून आमच्या कॉलनीच्या गणपतीत सगळे पोट धरून हसत. पुढच्या खुर्च्यांवर बसलेले लाईनवाले जरा कमी हसत.

मंदीच्या काळात लाईनचा वेग वाढवणं हे मालकांचं सोपं हत्यार झालं. पट्टा जरासा जलद केला की कुणाला काही सांगावं लागत नाही. ३० डिसेंबर १९३६ ला मिशिगनमधल्या फ्लिंट इथे जनरल मोटर्सच्या कामगारांनी काम थांबवलं आणि बाहेर न पडता आतच बसले. मागण्यांमध्ये पगार होता, युनियनला मान्यता होती. पण धुमसत होता तो वेगाचा राग. ज्या जागेवर बसायला बंदी होती तिथेच ते ४४ दिवस बसले, मोटारीच्या सीटवर झोपले, आणि ११ फेब्रुवारी १९३७ ला कंपनीने युनियन मान्य केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात रूजच्या पुलावर पत्रकं वाटायला गेलेल्या वॉल्टर रूथर या युनियनच्या पुढाऱ्याला आणि त्याच्या साथीदारांना बेनेटच्या माणसांनी वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर तुडवलं. फोर्डने युनियनशी करार केला तो १९४१ साली, संपानंतर.

पुढची पानं भराभर उलटतो. १९७२ साली ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला तरुण कामगारांनी संप केला. तिथे ताशी शंभरावर गाड्या निघत, एका कामाला ३६ सेकंद, म्हणजे मामांइतकेच. स्वीडनमध्ये व्होल्वोने १९७४ साली काल्मारला लाईन मोडून पंधरा-वीस जणांच्या गटांना काम वाटून दिलं. तो कारखाना १९९४ मध्ये बंद झाला. टोयोटाने लाईनवरच्या कामगाराच्या हाती दोरी दिली, चूक दिसली तर ओढ आणि लाईन थांबव. आमच्याकडेही जपानी वारे आले तेव्हा पिवळी दोरी लटकली. पहिले कित्येक दिवस ती कुणी ओढली नाही. एका पोराने धीर करून ओढली, लाईन थांबली, आणि सुपरवायझर ज्या नजरेने धावत आला ती पाहून बाकीच्यांना दोरीचा उपयोग कळला.

आपल्या भागात या लाईनचं पाऊल लवकर पडलं आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात आली. मग साठच्या दशकापासून पिंपरी, आकुर्डी, चिंचवड. नंतर चाकण आणि रांजणगाव. सातारा, सांगली, नगर, मराठवाड्यातून पोरं आली. 'मुलगा कंपनीत पर्मनंट आहे' या एका वाक्यावर लग्नं जमली. त्या पगारावर गावाकडे विहिरी खोदल्या गेल्या, बहिणींची लग्नं झाली, पोरं इंजिनिअर झाली. आमच्या कॉलनीत रात्रपाळीवाल्यांच्या घरी दिवसा कुकरची शिट्टी होऊ देत नसत; आया मुलांना 'बाबा झोपलेत' म्हणून दुपारभर दुसऱ्याच्या ओट्यावर पाठवायच्या. आठवड्याला पाळी बदलायची, म्हणून एका आठवड्यात बाप मुलांना झोपलेला दिसायचा आणि दुसऱ्यात मुलं बापाला. निवृत्त झालेल्या लाईनवाल्यांचे अंगठे आजही सकाळी चटकन मिटत नाहीत. त्यांच्यापैकी फार थोडे गाऱ्हाणं सांगतात, कारण सौदा त्यांना मान्य होता: देह झिजेल, पण घर उभं राहील.

आजच्या पोरांपुढे तो सौदा नाही, ही माझी तक्रार आहे. लाईन तीच, सेकंद आणखी घट्ट. मात्र लाईनवर उभा असलेला बराच भाग कंत्राटी, ट्रेनी, शिकाऊ. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराकडून पुन्हा त्याच स्टेशनवर. फोर्डला माणसं टिकवण्यासाठी रोज दुप्पट करावा लागला, कारण माणसं निघून जात होती. इथे माणूस बदलणं हीच पद्धत झाली आहे; गळतीचा खर्चच कुणाला जाणवत नाही. 'पर्मनंट'ची जागा भरणं बंद झालं आणि गावाकडे तिशी ओलांडलेली, लग्न न जमलेली पोरं वाढली, यातला संबंध समजायला समाजशास्त्रीय विभागाची गरज नाही.

आणि आता दिवसाच्या लांबीचा प्रश्न आला आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती बारा तासांपर्यंत नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची चौकट आणि कामगाराची संमती या गोष्टी सोबत आहेत, असं सांगतात. ऑफिसातल्या माणसाला तीन तास वाढले तर त्यात चहा येतो, फोन येतो. लाईनवरचा बारावा तास पहिल्यासारखाच ४२ सेकंदांचा असतो आणि तेव्हाचे हात पहिल्या तासाचे नसतात. बोटं मशीनमध्ये केव्हा जातात हे कुणाही जुन्या फर्स्ट-एडवाल्याला विचारावं.

म्हणून दोन मागण्या, आमच्या घड्याळवाल्यांच्या बाजूने. बारा तासांची परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने आधी त्या लाईनच्या एका स्टेशनवर एक पूर्ण पाळी उभं राहून बघावं. पाहुण्यांच्या पिवळ्या पट्ट्यांमधून फेरफटका चालणार नाही. आणि संमतीच्या कागदावर सही करणारा कामगार पर्मनंट आहे की कंत्राटी, ही नोंद सक्तीची करावी. ठेकेदाराच्या एका फोनवर ज्याचा उद्याचा रोज थांबतो, त्याच्या सहीला संमती म्हणू नये.